रात्री दोन वाजता गोणीचा बिबट्या कसा होतो?

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर मेसेज आला, 'बिबट्या, ०.९१', आणि खाली फोटो. फोटोत माझ्या मामेभावाचा ओतूरजवळचा गोठा, कुडाला टेकवून ठेवलेली सरकी पेंडीची गोणी, आणि त्या गोणीभोवती लाल चौकट. पाच मिनिटांत भावाचा फोन.

"दादा, भोंगा वाजला नि अर्धी वाडी बॅटऱ्या घेऊन बाहेर आलीय. तुझ्या कॅमेऱ्याला गोणी बिबट्या वाटतीय."

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा पट्टा ज्यांना माहीत आहे त्यांना उसातला बिबट्या नवा नाही. मादी फडातच पिल्लं घालते आणि तोड सुरू झाली की ती सापडतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे 'एआय कॅमेरे बसवा' ही मागणी आणि 'बसवतो' ही घोषणा, दोन्ही इथे कानावर पडत असतात. भावानेही मागे लागून माझ्याकडून एक करून घेतला. फोटोंमधल्या वस्तू ओळखणारी मॉडेल्स बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. तेव्हा पुढे ज्या चुका सांगतोय त्या सगळ्या माझ्याच.

असं यंत्र काहीच्या बाही उत्तर द्यायला लागलं की लोक दोनच गोष्टी म्हणतात: 'एआय असंच असतं' किंवा 'अजून फोटो घाला'. दोन्हींनी काही सुटत नाही. चूक कुठे झाली हे शोधायची एक वाट असते, आणि ती बहुतेक वेळा मॉडेलच्या बरीच अलीकडे सुरू होते.

यंत्र नेमकं करतं काय

या तंत्राला ऑब्जेक्ट डिटेक्शन म्हणतात. फोटोत काय आहे आणि कुठे आहे, एवढंच ते सांगतं. प्रत्येक वस्तूमागे तीन गोष्टी हातात पडतात: नाव, चौकट आणि शून्य ते एकमधला एक आकडा. या आकड्याला कॉन्फिडन्स म्हणतात. गोणीचा होता ०.९१.

हे शिकवण्यासाठी आधी माणसं हजारो फोटोंवर हाताने चौकटी काढतात आणि प्रत्येकीवर नाव लिहितात. या नावाला लेबल म्हणायचं. ते फोटो पुन्हा पुन्हा दाखवले की मॉडेलला कसल्या ठिपक्यांना, कडांना, रंगांना कोणतं नाव द्यायचं याची सवय लागते. आमच्या गोठ्यात चालतं ते योलो जातीचं मॉडेल. 'यू ओन्ली लुक वन्स' याचं ते लघुरूप, पहिला शोधनिबंध २०१५ चा. फोटोवरून एकदाच नजर फिरवून उत्तर देतं, म्हणून तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतं.

मॉडेलला फक्त त्याच्या यादीतली नावं येतात. कोको नावाचा जगभर वापरला जाणारा फोटोसंग्रह आहे, त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. जिराफ आहे, झेब्रा आहे, टोस्टर आहे. रिक्षा नाही. बिबट्याही नाही. त्यावर शिकलेलं मॉडेल लक्ष्मी रोडवर आणून उभं केलं की ते रिक्षाला कधी कार म्हणेल, कधी ट्रक. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या पेपरात 'यांपैकी नाही' हा पर्यायच नसेल तर पोरगं काय करणार? जवळचं वाटेल ते गोल करणार. मॉडेलला गप्प बसायची मुभा असते, पण 'काहीतरी आहे खरं, माझ्या यादीत नाही' असं म्हणायची सोय साध्या मॉडेलमध्ये नसते. म्हणूनच हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा फोटोसंग्रह केला तेव्हा रिक्षाला स्वतंत्र नाव दिलं.

मी आमच्या मॉडेलला चार नावं शिकवली होती: बिबट्या, कुत्रा, गाय, माणूस. गोणी यादीत नव्हती. तरी ती बिबट्याच का झाली, गाय का नाही?

आधी बघा, त्याला दिसलं काय

गोणीच्या आधीचा आठवडा सांगतो, कारण खरा धडा तिथे मिळाला.

कॅमेरा बसवला त्या दिवशी भावाने वनविभागाच्या जनजागृतीचा एक जुना फ्लेक्स आणला, त्यावर बिबट्याचा भला मोठा फोटो. फ्लेक्स कॅमेऱ्यापुढे धरला, मॉडेल गप्प. त्याच फ्लेक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो मी पुण्यात माझ्या लॅपटॉपवर टाकला तर लगेच 'बिबट्या'. गोठ्यातली तांबडी गाय समोर उभी, तरी मॉडेल गप्प. रात्री मात्र तेच यंत्र नको तितकं बोलत होतं.

मॉडेल एक, लॅपटॉपवर चालतं, गोठ्यात चालत नाही, आणि तेही फक्त दिवसा. अशा वेळी आमच्या धंद्यातला नवखा माणूस मॉडेल पुन्हा शिकवायला बसतो. मीही बसणार होतो. दोन दिवस वाया गेले असते.

त्याऐवजी मी एक साधी ओळ लिहिली: मॉडेलच्या तोंडात जाणारा फोटो, अगदी शेवटच्या क्षणाचा, वेगळा सेव्ह कर. कॅमेऱ्याने काढलेला फोटो निराळा आणि मॉडेलला मिळालेला निराळा असू शकतो. मध्ये तो लहान होतो, चौकोनी होतो, त्याचे आकडे बदलतात. सेव्ह झालेला फोटो उघडला आणि हसू आवरेना. भावाचा चेहरा कॅलेंडरवरच्या कृष्णासारखा निळा, गाय निळसर करडी, फ्लेक्सवरचा बिबट्या आकाशी. मागचा ऊस मात्र हिरवाच.

तो हिरवा ऊसच सगळं सांगत होता. रंगीत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. गोठ्यातला प्रोग्राम फोटो वाचायला ओपनसीव्ही नावाचं तयार साधन वापरत होता, आणि ते हे आकडे उलट्या क्रमाने देतं, निळा, हिरवा, लाल. टोकाच्या दोघांची अदलाबदल झाली, मधला हिरवा जागच्या जागी राहिला. लॅपटॉपवर मी फोटो दुसऱ्या साधनाने उघडत होतो, तिथे क्रम सरळ होता. रात्री कॅमेरा कृष्णधवल चित्र देतो, तीनही आकडे सारखेच, मग अदलाबदल झाली काय नि नाही काय. 'फक्त दिवसा' या तक्रारीचा उलगडा झाला. एका ओळीची दुरुस्ती केली आणि फ्लेक्स ओळखला गेला.

याच घरातल्या आणखी काही चुका आहेत, सगळ्या तितक्याच बावळट. मोबाइलचा उभा फोटो कधी कधी आत आडवा साठवलेला असतो, सोबत 'फिरवून दाखवा' अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी न वाचणारा प्रोग्राम मॉडेलला माणसं आडवी दाखवतो. रुंद फोटो दाबून चौकोनी केला तर बिबट्याचं मांजर होतं, उंच आणि बारीक. आणि नावांचे क्रमांक घसरतात. कोकोच्या मूळ क्रमांकांत मधले काही गाळलेले आहेत, तिथे कुत्रा १८ वा. बरेच प्रोग्राम गाळलेले क्रमांक काढून शून्यापासून मोजतात, तिथे कुत्रा १६ आणि १८ म्हणजे मेंढी. एका यादीचं मॉडेल आणि दुसऱ्या यादीची नावं एकत्र आली की तुमचा कुत्रा निमूटपणे मेंढी होतो. मॉडेल बरोबर असतं, नाव वाचणारा चुकतो. सगळ्या चुका एकाच पद्धतीने सरकलेल्या दिसल्या तर आधी इथे बघायचं.

मग रात्रीचं काय?

आता गोणी. माझा पहिला अंदाज असा, की गोणीवरची छापील काळी अक्षरं अंधारात बिबट्याच्या ठिपक्यांसारखी दिसत असतील. ऐकायला झकास वाटतं ना? मी फोटोतली अक्षरं पुसली. आकडा ०.९१ चा ०.८८ झाला. म्हणजे अंदाज फुकट.

संध्याकाळी अंधारून आलं की या कॅमेऱ्यात बारीक 'टक' असा आवाज होतो. आतली काच सरकते, अवरक्त दिवे लागतात, चित्र काळं-पांढरं होतं. भाऊ म्हणाला, "टक झालं की येडा होतो हा." तो चेष्टेत म्हणाला, पण मी त्यावरून एक प्रयोग केला. मोत्या म्हणजे त्याचा कुत्रा. त्याचा भरदुपारचा रंगीत फोटो मॉडेलला दिला, 'कुत्रा, ०.८४'. तोच फोटो, काहीही न हलवता, फक्त रंग काढून दिला, 'बिबट्या, ०.७९'.

शिकवण्यासाठी जमवलेले फोटो उघडून बसलो. बिबट्याचे बहुतेक फोटो जंगलातल्या ट्रॅप कॅमेऱ्यांचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे), म्हणजे रात्रीचे, करडे. कुत्रे, गाई, माणसं मात्र मोबाइलवर दिवसा काढलेली. चारच नावं आणि असा पसारा, मग मॉडेलने ठिपके, शेपूट, खांदे शिकायची तसदी कशाला घ्यावी? करड्या चित्रात गुडघाभर उंचीचं काही दिसलं की बिबट्या म्हणायचं. माझ्याच फोटोंवर परीक्षा घेतली तेव्हा या युक्तीने त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते.

याला इंग्रजीत शॉर्टकट म्हणतात, आपण पायवाट म्हणू. डांबरी रस्ता असला तरी शेजारून पायवाट निघाली की लोक तीच धरतात, मॉडेलही धरतं. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मुद्दाम घडवून दाखवलं. लांडग्यांचे फोटो बर्फातले, हस्की कुत्र्यांचे बिनबर्फाचे. मॉडेल लांडगा ओळखायला नव्हे, बर्फ ओळखायला शिकलं. २०१८ मध्ये कॅलटेक या अमेरिकी संस्थेतल्या संशोधकांनी ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंवर काम करताना दाखवलं की गवतातली गाय ओळखणारी यंत्रं समुद्रकिनाऱ्यावरच्या गाईला चुकतात. गोव्यात कोणत्याही किनाऱ्यावर गाय निवांत बसलेली दिसते, तिथल्या माणसाला यात विचित्र काहीच वाटणार नाही. यंत्राला वाटतं. आणि २०२० च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या इनव्हर्नेसमध्ये फुटबॉल सामना दाखवणारा स्वयंचलित कॅमेरा चेंडू सोडून लाइन्समनच्या टकलामागे फिरत राहिला, ती बातमी आठवत असेल. गोल, उजळ, हलतं. त्याच्या हिशेबाने पुरावा पुरेसा होता.

पायवाट पकडायची पद्धत मोत्याच्या फोटोसारखीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग काढा, मागची भिंत झाका, वस्तू तिथून उचलून दुसरीकडे ठेवा. ज्या बदलाने उत्तर उलटतं, त्याच्यावर मॉडेल टेकलेलं असतं. माझ्या अक्षरांच्या अंदाजासारखे अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पण आकडा तर ०.९१ होता!

भावाचा खरा राग यावर होता. "एक्क्याण्णव टक्के खात्री आहे म्हणतो नि गोणी दाखवतो?"

तो आकडा टक्का नाही. शंभर वेळा ०.९१ म्हटलं आणि एक्क्याण्णव वेळा खरोखर बिबट्या निघाला, तर त्याला टक्का म्हणता येईल. तसं आपोआप होत नाही. आजची मॉडेल्स मुळातच फाजील आत्मविश्वासाची असतात, हे २०१७ पासून आकडेवारीने दाखवलं गेलं आहे. शिवाय हा आकडा मॉडेलने पाहिलेल्या जगापुरता असतो. जे कधी पाहिलंच नाही, त्यावर तो भलताच चढा येऊ शकतो. पेपर सोडवताना सगळ्यात जोरात कोण लिहितं ते आठवा, नेहमी अभ्यास केलेलाच असतो असं नाही.

आकड्याचा खरा उपयोग चाळणीचा. अमुक आकड्याच्या खालचं दाखवायचं नाही, असं आपण ठरवतो. त्या हद्दीला थ्रेशोल्ड म्हणतात. बऱ्याच योलो प्रोग्राममध्ये ती ०.२५ वर लावून येते आणि पुष्कळ लोक तिला हातही लावत नाहीत. चाळणी बारीक केली तर गोण्या अडतील, पण अर्धवट दिसलेला बिबट्याही अडेल. मोठी केली तर दोन्ही पडतील. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारं छिद्र कोणत्याच चाळणीत नसतं. कोणती चूक परवडते, हे गोठ्याचा मालक ठरवणार, मी पुण्यात बसून नाही. खोटी हाक फुकट असते असंही समजू नका. लांडगा आला रे आला तीनदा झालं की चौथ्यांदा कुणी उठत नाही.

बिबट्या समोरून गेला आणि यंत्र गप्प?

चुकीचं बोलण्यापेक्षा हे जास्त भीतीदायक, आणि कारण बहुतेक वेळा अगदी रुक्ष असतं: तो लहान दिसला. आमचा कॅमेरा १९२० ठिपके रुंदीचा फोटो काढतो. मॉडेल तो ६४० वर आणून बघतं, म्हणजे सगळं तिसऱ्या हिश्शाचं होतं. बांधापलीकडचा बिबट्या मूळ फोटोत ४५ ठिपके लांब असेल तर मॉडेलला १५ मिळतात. पंधरा ठिपक्यांत शेपूटही मावत नाही. मोठ्या मापावर चालवा किंवा फोटोचे तुकडे करून एकेक तपासा. वेळ जास्त लागतो, पण दिसतं.

दुसरं कारण एकमेकांवर आलेल्या चौकटी. मॉडेल एकाच वस्तूभोवती मुळात अनेक चौकटी काढतं आणि शेवटी एक ठेवून बाकीच्या पुसतं. मादी आणि तिला बिलगून चाललेलं पिल्लू असेल तर पिल्लाची चौकटही त्या सफाईत पुसली जाऊ शकते.

"मग फोटो वाढवा की, हाय काय नाय काय"

वाढवले, पण कुठले ते महत्त्वाचं. इंटरनेटवरून बिबट्याचे आणखी हजार फोटो आणले असते तर पायवाट आणखी रुंद झाली असती. मला हवे होते त्याच कॅमेऱ्याचे, त्याच गोठ्याचे, रात्रीचे, आणि बिबट्या नसलेले. पंधरा दिवस भाऊ, मोत्या, गाई, ट्रॅक्टर, बादल्या आणि ती गोणी रात्री कॅमेऱ्यापुढे फिरत होती. गोणीभोवती चौकट काढायची नाही. चौकट नसलेला फोटो मॉडेलला सांगतो, की यात यादीतलं काही नाही, गप्प बस.

याचा उलटा तोटाही मी भोगलाय. जुन्या फोटोंपैकी काहींमध्ये झुडपाआड बिबट्या होता आणि चौकट काढायची राहून गेली होती. अशा फोटोंनी मॉडेलला 'झुडपाआडच्या बिबट्यावर गप्प बसायचं' असंच शिकवलं. चौकटी काढणं कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर ढकलतात आणि मग चुकांसाठी मॉडेलला शिव्या देतात.

आणखी एक. माझी पैकीच्या पैकीची परीक्षाही खोटीच होती. एकाच व्हिडिओतले लागोपाठचे फोटो मी अर्धे शिकवायला आणि अर्धे परीक्षेला ठेवले होते. दोन फोटोंत फरक काय, तर शेपटी दोन बोटं हलली. म्हणजे पेपर आधीच फुटला होता. कोणी ९८ टक्के अचूकतेचं यंत्र विकायला आलं तर एवढंच विचारा: परीक्षेचे फोटो शिकवणीच्या जागेचेच होते का?

त्याच जागी रोज तोच इशारा

मेगाडिटेक्टर हे जंगलातल्या कॅमेऱ्यांसाठी जगभर वापरलं जाणारं मॉडेल आहे. प्राणी, माणूस, वाहन एवढंच सांगतं. तेही कधी कधी एखाद्या खुंटाला वा दगडाला प्राणी समजतं, आणि कॅमेरा हलत नसल्याने हजारो फोटोंत तोच खुंट तिथल्या तिथे. ते वापरणाऱ्यांनी त्यावर सरळ उपाय काढला: एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटी वेगळ्या काढायच्या, माणसाने एकदा बघायच्या आणि मग टाकून द्यायच्या. मॉडेलला हातही लावायचा नाही. आम्हीही चौकट काही वेळ जागची हलली नाही तर भोंगा वाजवायचा नाही असं केलं. भावाची शंका रास्त होती, "आन् बिबट्या कुडाआड दबा धरून बसला तर?" म्हणून भोंगा थांबतो, फोनवरचा फोटो थांबत नाही.

शेवटी माणूस बघणारच आहे ना?

हा शेवटचा आणि सगळ्यात भाबडा आधार. २० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या एका शाळेबाहेर कॅमेऱ्याने सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातात बंदूक पाहिली. पोलिसांनी त्याला गुडघ्यावर बसवून बेड्या घातल्या. हातात वेफर्सचं रिकामं पाकीट होतं. तिथे मध्ये माणूस होता. सुरक्षा विभागाने फोटो पाहून इशारा रद्दही केला होता. पण ते मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांच्याकडून निरोप पुढे पोलिसांपर्यंत गेला. मॉडेलने पाकिटाला बंदूक म्हणणं ही एक चूक, आणि 'रद्द' हा शब्द इशाऱ्याइतक्या वेगाने न पोचणं ही दुसरी. दुसरी चूक फोटो वाढवून सुटत नाही.

आमच्या गोठ्यात आता दोन चाळण्या आहेत. भोंग्यासाठी ०.७, तेही लागोपाठच्या तीन फोटोंत दिसलं तर. फोनवरच्या फोटोसाठी ०.३. आधी दोन्हींना ०.५ होती. रात्रीतून चार-पाच फोटो भावाला येतात, बहुतेक मोत्याचे. तो अंगठ्याने सरकवतो आणि झोपतो.

परवा पहाटे 'बिबट्या, ०.३८' आला. फोटोत उसाची कड, आणि कडेला आत जाणारी फक्त शेपूट. भावाने तो वनरक्षकाला पाठवला, वाडीच्या ग्रुपवर टाकला, आणि मला खाली एवढंच लिहिलं: "ही गोणी नाय."